कारणाचा रकाना

"किती आलं, बाईसायेब?" तातोबांनी विचारलं.

"बेचाळीस," मी म्हणाले. "थांबा, पुन्हा बघते."

पुन्हा वाकले. तातोबांनी बॅटरी पट्टीजवळ धरली. पाण्याची कड बेचाळीसच्या रेघेला टेकली होती. मी डावा डोळा मिटून बघितलं, मग उजवा. बेचाळीसच.

"माझंच काहीतरी चुकत असेल," मी म्हणाले आणि खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीनं ४२ लिहिलं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, ऑगस्ट अखेरची. आम्ही धरणाच्या पोटात होतो. मोठ्या धरणाच्या भिंतीत आतून एक बोगदा ठेवलेला असतो, त्याला गॅलरी म्हणतात. भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. ते या गॅलरीतल्या गटारात गोळा होतं आणि गटाराच्या तोंडाशी बसवलेल्या पोलादी पत्र्याच्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेतून पुढं पडतं. खाचेमागं मिलिमीटरची पट्टी. पाणी पट्टीवर किती चढलं ते वाचायचं, की धरणाला किती पाझर आहे ते कळतं. रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचायचं. एकाची चूक दुसऱ्याला सापडावी, एवढाच त्यामागचा हेतू.

सकाळचं वाचन माझ्याकडं होतं, संध्याकाळचं मोरबाळ्यांकडं. आम्ही दोघं कनिष्ठ अभियंते. ते माझ्याहून सहा वर्षांनी जुने, मी फेब्रुवारीत नुकतीच लागलेली. त्या धरणावरची पहिली बाई अभियंता. पॉलिटेक्निकात माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुलगे आणि दोन मुली होत्या, आणि मी तिन्ही वर्षं पहिली आले होते. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढं जे झालं त्याच्याशी हे जुळवून बघायचं म्हटलं तर मला अजून जुळत नाही, म्हणून सांगते.

मला तिथं कुणी त्रास दिला, असंही नाही. मोरबाळे तर फार चांगले. राहायला खोली त्यांनीच मिळवून दिली. त्यांच्या घरून सणासुदीला डबा यायचा. फक्त पहिल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. मी पट्टी वाचताना नीट खाली वाकले नाही, वरून तिरकं बघितलं, आणि आकडा सहानं जास्त आला. संध्याकाळी मोरबाळ्यांना फरक दिसला. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी कॅन्टीनमध्ये हसत हसत जाहीर केलं, "अरे, शेलार मॅडमनी काल धरण फोडलं होतं!" सगळे हसले. मीही हसले. त्यात काही वाईट नव्हतं. नव्या माणसाची एवढी थट्टा होणारच.

पण त्या दिवसापासून मी एक पद्धत पाडली. सकाळी वाचलेला आकडा रजिस्टरात लिहायचाच नाही. रजिस्टरात शाई लागते, ती खोडता येत नाही. तो डायरीत पेन्सिलीनं लिहायचा. संध्याकाळी मोरबाळे त्यांच्या रकान्यात आकडा भरून गेले की मग रजिस्टर उघडायचं. त्यांच्याशी माझा आकडा जुळला तर तोच शाईनं भरायचा. एखाद-दोन मिलिमीटर फरक असला तर माझा त्यांच्याजवळ सरकवायचा. मग सही करायची आणि डायरीतला पेन्सिलीचा आकडा रबरानं खोडून टाकायचा.

असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला माहीतही नव्हतं.

त्या संध्याकाळी मोरबाळ्यांचा आकडा अडतीस होता. मी सकाळच्या रकान्यात एकोणचाळीस भरला.

पुढच्या सकाळी पुन्हा बेचाळीस. मग त्रेचाळीस. मग पंचेचाळीस. रजिस्टरात मात्र अडतीस-एकोणचाळीस, एकोणचाळीस-अडतीस, असं सरळ चाललेलं. तलाव त्या वर्षी काठोकाठ भरला होता. चार तारखेला मंत्री जलपूजनाला यायचे होते. रेस्ट हाउसला रंग लागत होता, आणि मी रोज सकाळी दोनशे बारा पायऱ्या उतरून माझी चूक शोधत होते.

मी काय काय केलं ते सांगते. पट्टी फडक्यानं पुसली. खाचेत काही अडकलंय का ते बोट घालून बघितलं. गुडघे टेकून वाचलं, पोटावर झोपून वाचलं. साडीवर ते जमेना, म्हणून कराडहून दोन पंजाबी ड्रेस आणले. त्यावर कॉलनीत आठवडाभर चर्चा झाली ती वेगळीच. आकडा अठ्ठेचाळीसवर गेला.

मग मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सगळी अक्षरं वाचून घेतली, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"आकडे जास्त दिसतात."

"दोन-दोन दिसतात?"

"नाही. जास्त दिसतात. अडतीसचे अठ्ठेचाळीस."

डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमचे डोळे घारीसारखे आहेत. पंधरा रुपये द्या आणि घरी जा."

मी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला रडू येत होतं. मला चष्मा हवा होता. चष्मा लागला असता तर सगळं मिटलं असतं. एस. टी. त बसल्यावर मात्र मनात आलं की डोळे चांगले असून आकडे चुकतात, म्हणजे दोष याहून मोठा आहे आणि तो कुठल्या दवाखान्यात सापडायचा नाही.

तुम्ही म्हणाल, मोरबाळ्यांना सरळ विचारायचं. मी विचारणार होते. तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. एकदा त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला, तो खाऊन परत आले. विचारलं असतं तर कॅन्टीनमध्ये धरण पुन्हा फुटलं असतं. आणि आता नुसतं हसण्यावारी गेलं नसतं, कारण रजिस्टरात माझ्या सहीनं एक आकडा आणि तोंडानं दुसरा, असं झालं असतं. माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्कं व्हायला पाच महिने बाकी होते.

पट्टीवर शेवटचा एकोणचाळीस दिसला त्या दिवसापासून बाराव्या दिवशी सकाळी सत्तावन्न आला. एक सप्टेंबर.

त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते की निदान मोरबाळे कसे वाचतात ते तरी समजून घ्यायचं. ते जिथं उभे राहतात तिथं उभं राहायचं, जसे वाकतात तसं वाकायचं.

"तातोबा," मी म्हटलं, "संध्याकाळी मोरबाळेसाहेब कुठं उभे राहून वाचतात हो? या बाजूला का त्या?"

तातोबा गुरव धरणाचं काम सुरू झाल्यापासूनचे खलाशी, म्हणजे खात्यातले मदतनीस कामगार. बोलणं कमी. त्यांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

"कवा?"

"रोज. संध्याकाळी."

"मोरबाळेसायेब हितं कुटं येत्यात? बेंदरापासनं न्हाई आल्यालं."

बेंदूर, म्हणजे आषाढातला बैलांचा सण, होऊन दीड महिना उलटून गेला होता.

"असं कसं? तुम्ही नसताना येऊन जात असतील."

"किल्ली माज्या कमरंला असतीया, बाईसायेब," तातोबा म्हणाले. "माज्याबिगर हितं उंदीर याचा न्हाई."

मी खाचेतून पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले. आता मला काय वाटलं ते खरं सांगते. मोरबाळ्यांचा राग आला नाही. माझे आकडे बरोबर होते असंही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की माझी चूक धरायला आता इथं कुणीच नाही. मी घाबरले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, तुमच्या दोगांचं ठरल्यालं आसंल." मग ते म्हणाले, "पन पानी वाडलंय हे खरं हाय."

"कशावरून? पट्टी तुम्हाला वाचता येते?"

"पट्टी कशाला पायजे? जाताना पाय धुयाला मी बादली लावतो हितं. आदी बादली लावून तंबाकू मळायचो, चुना लावायचो, तोंडात टाकायचो, तवा भरायची. आता मळून होतीया न होतीया तवर वतून चाललीया."

मला आजही ते आठवलं की लाज वाटते. इतके दिवस मी पट्टीपुढं साष्टांग घालत होते, आणि ज्या माणसाला अक्षर येत नव्हतं त्यानं तंबाखूवर तेच मोजून ठेवलं होतं.

मी तिथंच पायरीवर बसले आणि डायरीत गणित मांडलं. सूत्र पाठ होतं. पाणी पट्टीवर एकोणचाळीस असेल, तर पंधरा लिटरची बादली भरायला छत्तीस सेकंद लागायला हवेत. सत्तावन्न असेल तर चौदा. आधी उत्तर लिहून ठेवलं, मग घड्याळ हातात धरलं.

"लावा बादली."

बादली चौदा सेकंदांत भरली. मी पुन्हा लावायला सांगितली. चौदा. तिसऱ्यांदा पंधरा, कारण तातोबांना मध्येच खोकला आला.

मी वर आले ती तडक दाभाडेसाहेबांच्या केबिनकडं गेले. दाभाडे आमचे उपअभियंता. माणूस तापट, पण कामाला चोख. समोर जलपूजनाच्या मांडवाचा नकाशा पसरलेला, आणि टेबलाच्या कडेला मोरबाळे खुर्च्यांची यादी घेऊन उभे.

"या शेलारबाई. काय?"

"सर, माझंच काहीतरी चुकत असेल," मी म्हणाले, "पण गॅलरीतला पाझर जरा वाढल्यासारखा वाटतोय."

"किती?"

"म्हणजे, पट्टीवर थोडा जास्त दिसतो."

साहेबांनी रजिस्टर ओढून पानं चाळली. "अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. दोघांचंही. कुठं वाढलाय?"

"नाही, तसं नाही… माझ्या वाचण्यात काही…"

"वाचण्यात चुकत असेल तर पुन्हा वाचा, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चार तारीख होऊ दे, मग मी स्वतः येतो खाली." आणि ते नकाशावर वाकले.

मी "बरं सर" म्हणून बाहेर आले.

व्हरांड्यात लाकडी बाक होता, त्यावर बसले. हातात डायरी. तिच्यात तीन ओळींत तेच लिहिलेलं: चौदा, चौदा, पंधरा. यात माझे डोळे कुठंच नव्हते. बादली होती, घड्याळ होतं आणि तातोबांचा खोकला होता. तरी मी आत जाऊन काय बोलले? माझंच काहीतरी चुकत असेल. साहेबांनी माझं म्हणणं नाकारलं नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं होतं.

धरण काही त्या संध्याकाळी फुटणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण पाझर बारा दिवसांत अडीच पटीनं वाढला, तर तो का वाढला हे कळेपर्यंत पाणी खाली घ्यायचं, हा नियम आहे. खाली नदीकाठाला सात गावं होती. आणि हे सांगायचं म्हणजे रजिस्टरातल्या माझ्या सह्या खोट्या आहेत, हे आधी सांगायचं. नोकरी जाईल, असं मी स्वतःला स्पष्ट बजावलं. वडिलांनी गावात पेढे वाटले होते ते आठवलं. पाच-सात मिनिटं बसले असेन.

मग उठले आणि दार न वाजवता आत गेले.

"सर, गॅलरीतला पाझर अडीच पट झालाय. पट्टीवर सत्तावन्न आहे. बादलीनं मोजून बघितलं, तीनदा. रजिस्टरातले सकाळचे कालपर्यंतचे आकडे खोटे आहेत. ते मी भरलेत."

मांडवाचा नकाशा आपोआप गुंडाळला गेला, कारण साहेबांनी त्यावरचा हात काढला होता.

"खोटे म्हणजे?"

"खरे मी पेन्सिलीनं लिहिले होते आणि खोडले."

"मग आता काय खोडलेल्या कागदावर विश्वास ठेवू?"

"एकोणचाळीस," मी म्हणाले. "चाळीस. बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पंचेचाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. पन्नास. बावन्न. पंचावन्न. आज सत्तावन्न."

मी कुठंही बघून वाचत नव्हते. साहेबांनी पेन काढून रजिस्टराच्या मागच्या पानावर आकडे टिपले. बाराही टिपून झाल्यावर थोडा वेळ बघत राहिले. मग मोरबाळ्यांकडं वळले.

"तुझं रे? तुझं संध्याकाळचं अडतीस कुठून आलं?"

मोरबाळे खुर्च्यांच्या यादीची घडी घालत होते. ती उलगडून पुन्हा घालत होते.

"साहेब, मी उतरत नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "मॅडमचा आदल्या दिवशीचा आकडा बघून भरत होतो."

"का?"

"गुडघा दुखतोय, ते आहेच. पण…" त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुरुवातीला मी रोज जात होतो, साहेब. चार-पाच महिने ताळा घेतला. मॅडमचा आकडा कधी चुकला नाही. रोज माझ्याशी तंतोतंत जुळायचा. मग म्हटलं, एवढं चोख वाचणारं माणूस रोज खाली जातंय, तर दोघांनी कशाला उतरायचं?"

मला एकदम हसू फुटलं आणि ते आवरेना. साहेब ओरडले, "यात हसण्यासारखं काय आहे?" मला सांगता येईना. मी त्यांचा आकडा बघून माझा जुळवत होते. तो जुळतो म्हणून ते माझा आकडा बघून त्यांचा भरत होते. दीड महिना आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर होतो, आणि धरणात खरं वाचन रोज एकच होत होतं. ते मी रबरानं खोडत होते.

साहेब त्याच पावली खाली गेले. पन्नाशीचा माणूस, दोनशे बारा पायऱ्या. सत्तावन्न त्यांनीही वाचला आणि बादली दोनदा भरून घेतली. दुपारपर्यंत वरून हुकूम आला आणि दरवाजे उचलून पाणी दोन मीटर खाली घेतलं. सात गावांत दवंडी दिली. जलपूजन झालं, फक्त मंत्र्यांना नारळ सोडायला दहा-बारा पायऱ्या जास्त उतरावं लागलं. मोरबाळ्यांनी खुर्च्या चोख मांडल्या होत्या. उन्हाळ्यात तपास झाला तेव्हा भिंतीच्या दोन भागांमधल्या सांध्यात पाणी अडवायला बसवलेली पट्टी एका ठिकाणी उसवलेली सापडली. ती दुरुस्त केली. आता ते धरण ठणठणीत आहे.

आम्हा दोघांकडून खुलासे मागवले गेले. छापील कागद होता. घटना, दिनांक, जबाबदार कर्मचारी, आणि शेवटी कारण.

मोरबाळ्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'गुडघेदुखीचा जुना विकार'. सोबत डॉक्टरांचा दाखला. मलाही ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पण काहीतरी वैद्यकीय लिहा. डोळ्यांचं लिहा."

"डोळे चांगले आहेत," मी म्हटलं. "तपासलेत."

माझा रकाना दोन दिवस रिकामा होता. तिसऱ्या दिवशी दाभाडेसाहेबांनी बोलावलं. "शेलारबाई, 'अनुभवाचा अभाव' लिहा आणि सही करा. नवीन आहात, एवढ्यावर मिटतं. मी वर बोललोय."

त्यांनी स्वतःचं पेन पुढं केलं. मी घेतलं. अ लिहिलासुद्धा.

"नको सर," मी म्हणाले. "अनुभव होता. बाराही दिवस बरोबर वाचलं होतं."

"मग कारण काय लिहिणार?"

मी त्या अ पुढं काही न लिहिता तो तसाच ठेवला आणि खाली लिहिलं: 'माझ्या वाचनावर माझा विश्वास नव्हता.' सही केली. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "असलं सरकारी कागदावर चालत नाही हो," ते म्हणाले, पण कागद त्यांनी बदलला नाही.

मोरबाळ्यांचा खुलासा एका फेरीत मंजूर झाला. गुडघा सगळ्यांना कळतो. माझा तीन आठवड्यांनी परत आला. समासात कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं: 'कारणाचा बोध होत नाही. फेरखुलासा सादर करावा.'

मी काही सादर केलं नाही. पुढं दाभाड्यांची बदली झाली, मग माझी. नोकरी गेली नाही. तेहेतीस वर्षं केली आणि अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी कागदपत्रं तपासताना कारकुनाला तो कागद सापडला. "मॅडम, एक फेरखुलासा बाकी दिसतोय तुमचा," तो गमतीनं म्हणाला.

तो हा.